खाण कुणी बंद केली?

माणूस मुळातच दुष्ट असतो काय, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांत अधूनमधून निघतो. कुठे वस्ती जाळली जाते, कुठे बहिष्कार पडतो, आणि एखादा तरुण कार्यकर्ता हताशपणे म्हणतो, "शेवटी माणसाची जातच अशी!" हे वाक्य निरुपद्रवी नाही. त्यात 'जात' हा शब्द सहज येऊन बसतो आणि खरी जात मात्र नजरेआड होते. सगळेच दुष्ट ठरले की जाब विचारायचा कुणाला?

या निष्कर्षाला साहित्याचा आधार दिला जातो तेव्हा विल्यम गोल्डिंग यांच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' (१९५४) या कादंबरीचे नाव हमखास पुढे येते. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले हळूहळू शिकारी टोळी बनतात आणि आपल्यातल्याच मुलांचे जीव घेतात. लेखक दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. त्याने पाहिलेला संहार खोटा नव्हे, आणि कादंबरीही सामर्थ्यवान आहे. पण वारणेच्या खोऱ्यातल्या वाचकाने ती वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या बेटावर फळे आहेत, डुकरे आहेत. तिथे उपासमार नाही. आणि जी मुले शिकारी होतात, ती गणवेशात, रांगेने, आपल्या म्होरक्याच्या हुकमाखाली कादंबरीत प्रवेश करतात. म्हणजे बेटावर निसर्गाचे मूल उतरलेच नाही; इंग्लंडातली शाळा उतरली, तिची उतरंडही उतरली. मग जे उघडे पडले तो मनुष्यस्वभाव की एक शिकवण?

याच काळात आपल्याकडे एक लेखक याच अंधारात शिरला होता. अण्णाभाऊ साठे १९२० साली वाटेगावला जन्मले. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचताना अंगावर काटा येतो. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो, दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात पुरलेली प्रेते उकरून त्यांच्या अंगावरचे सोने काढू लागतो. एका रात्री त्याच प्रेतावर कोल्ही येतात. भीमा त्यांच्याशी झुंजतो. शेवटी त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि ती कायमची जातात.

माणूस आणि कोल्हा एकाच प्रेतासाठी भांडताहेत, याहून खाली माणूस कुठे जाणार? दुष्टपणा सिद्ध करायचा असता तर लेखकाने कथा तिथेच थांबवली असती. अण्णाभाऊ थांबत नाहीत. बोटे गेल्यावर बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली, आणि पहाडासारखा भीमा लहान मुलासारखा रडतो. कथेची सगळी गोम इथे आहे. कोल्ही स्वभावाने आली होती, भीमा खाण बंद पडली म्हणून आला होता. तो सोने हुकल्याबद्दल रडत नाही, कामाचे हात गेले म्हणून रडतो. अभिजनी समीक्षा या कथेत भीषणता पाहते. ती कथेच्या दोन्ही टोकांना उभी असलेली खाण पाहत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग माणूस केवळ परिस्थितीचे बाहुले का? तसे म्हटले तर वस्ती जाळणाराही सुटतो. याचे उत्तरही अण्णाभाऊंपाशीच आहे. १९५९ सालच्या 'फकिरा'त तीच माती आहे, तीच भूक आहे. वर दिवसातून तीन वेळा हजेरीचा जाच आहे. फकिराही लुटतो, पण लुटलेले धान्य उपाशी माणसांत वाटतो. आपल्यापायी आपली माणसे अडकवली गेली तेव्हा तो स्वतःहून सरकारच्या हाती जातो. भीमाला आणि फकिराला भूक सारखीच लागली. फरक एवढाच की भीमा रात्री एकटा निघतो, फकिरा माणसे घेऊन निघतो. भूक माणसाला ढकलते. तो कुठवर जाईल हे त्याच्याबरोबर कोण आहे यावरही ठरते. संघटनेचे काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

एक दोषही सांगितला पाहिजे. फकिरा काही ठिकाणी फार निष्कलंक होतो, आणि आपले लेखक त्याचीच नक्कल करतात. जन्माने कुणी वाईट नाही असे आपण म्हणतो, तेव्हा जन्माने कुणी चांगला नाही हेही पत्करावे लागते. नाहीतर मनूचेच माप आपण उलटे धरून वापरतो.

जन्मजात दुष्टपणाचा सिद्धांत या देशात पुस्तकात राहिला नाही, त्याचा कायदा झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मचरित्रात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. विहिरीत साप दिसतो आहे, तरी तराळकी करणाऱ्या वडिलांना प्रेत काढायला उतरावेच लागते, कारण ते गावकीचे काम. काठावरच्यांच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असे नाही. त्यांना ते रीतीचेच वाटते. गावकामाची ती वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

जे कायद्याने लादले ते कायद्याने उठवता आले. स्वभाव असता तर उठवता आला नसता. कायदा गेला तरी नजर गेली नाही, हे खरे. पण नजरही शिकवलेली असते, आणि जी शिकवली ती मोडता येते. म्हणून "माणसाची जातच अशी" असे कुणी म्हणाले, की त्याला भीमाची गोष्ट सांगावी आणि विचारावे, खाण कुणी बंद केली?