डांबराचा धूर आणि धर्मबोध

सतराव्या शतकातील डच कलेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रेम्ब्रांटची बायबलमधील दृश्ये उभी राहतात. त्याच आम्स्टरडॅम शहरात तांब्याच्या पत्र्यांवर गोदीचे, दुरुस्तीला आलेल्या जहाजांचे आणि दोर वळणाऱ्यांचे जगही उमटत होते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. राइक्सम्यूझियमच्या संग्रहातील अशी अम्लरेखने आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. त्यांपैकी दोन संचांविषयी येथे लिहावयाचे आहे.

पहिला रेनिर नोम्सचा. हा कलावंत स्वतःस ‘झेमान’, म्हणजे दर्यावर्दी, म्हणवीत असे. १६५० नंतरच्या काही वर्षांत त्याने आम्स्टरडॅमची जहाजे व तेथील दृश्ये यांची मालिका केली. अम्लरेखनात पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईने लेप खरवडून रेषा काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. सुई फिरली असेल तेथेच आम्ल धातू खाते. लाकडावर वा धातूवर छिन्नीने कोरण्यापेक्षा हात येथे कितीतरी मोकळा राहतो. नोम्सच्या हाताला तर दोरखंडांची पुरती ओळख होती.

त्याची आम्हांस सर्वांत आवडलेली चित्रे शिडे फुगवून निघालेल्या जहाजांची नव्हेत, दुरुस्तीची आहेत. प्रचंड जहाज एका कुशीवर कलते केलेले, एरवी पाण्याखाली दडलेला तळ उघडा पडलेला. माणसे त्याला बिलगून कामात गढलेली आहेत. फटींत दोराचे जुने तंतू ठासायचे, वरून ऊन डांबर फासायचे. माणसे मुंगीएवढी, चेहरे नाहीत. तरी कोण वाकला आहे आणि कोणाच्या हाताला ओझे आहे ते कळते. नोम्स त्यांच्याविषयी एक शब्दही बोलत नाही.

दुसरा संच यान लायकन व त्याचा मुलगा कास्पर यांचा. १६९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात शंभर व्यवसायांची चित्रे आहेत. त्यांत जहाज बांधणारा आहे, दोर वळणारा, शिडे शिवणारा आणि होकायंत्र करणाराही आहे. यान लायकन हा मेनोनाइट पंथाचा, भाविक वृत्तीचा कवी. त्याने प्रत्येक चित्राला पद्य जोडले आणि हातातील कामावरून वाचकाला आत्म्याच्या चिंतेकडे नेले. हेतू उदात्त आहे, चित्रेही स्वच्छ व प्रमाणबद्ध आहेत. परंतु पाने उलटता उलटता आम्हांस एक अडचण जाणवू लागली. बोध इतक्या तत्परतेने हजर होतो की कामगाराकडे पाहण्यास उसंतच मिळत नाही. तो दृष्टान्त होतो, माणूस राहत नाही.

आपल्याकडील धार्मिक चित्रांतही हे घडते. संत योसेफाच्या सुतारशाळेचे चित्र घरोघरी असते. त्यात करवत असते, पण भुसा कोठे दिसत नाही! नाझरेथच्या त्या हातांना घट्टे पडले असतील, हे नोम्सच्या मूक चित्रांनी आम्हांस अधिक जाणवून दिले. बोधवादी कलेला आमचा विरोध नाही. तिने आधी नीट पाहावे एवढेच मागणे आहे.

नोम्सलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. अशाच गोद्यांतून निघालेली डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आपल्या किनाऱ्यावर आली. १६३६ पासून काही वर्षे त्यांनी गोव्याच्या बंदराची कोंडी केली; वेंगुर्ल्यास कंपनीची वखार उभी राहिली. तेव्हा वसईही पोर्तुगिजांकडेच होती. जहाज कोठे व कशासाठी निघाले आहे, हे दुरुस्तीच्या चित्रांत दिसत नाही. तोफांच्या खिडक्या तेथे केवळ लाकडातील चौकोन वाटतात. डांबर लावणाऱ्याला त्यांतून काही दिसत होते की नाही, याचा पत्ता चित्रकार लागू देत नाही.