गांडुळांची टाकी : प्रदर्शनातली आणि प्रयोगातली

शालेय विज्ञान प्रदर्शनात काही मांडण्या हमखास आढळतात. गांडूळखताची टाकी त्यांपैकीच एक झाली आहे. प्लॅस्टिकचा टब किंवा विटांची लहान टाकी, तीत शेण, पालापाचोळा आणि लालसर गांडुळे. शेजारी व्हरांड्यात वाढवलेल्या मिरची-पालकाच्या चार कुंड्या. कीड मारण्यासाठी बाटलीत भरलेले तांबूस व्हर्मीवॉश. आणि मागे तक्ता : ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’. विषय उत्तम आहे. स्वस्त आहे, मुलांच्या हाताला काम देणारा आहे आणि शेतीशी जोडलेला आहे. आमची हरकत विषयाला नाही, मांडणीला आहे. या मांडणीत उत्तरे आधीच रंगवून लावलेली असतात आणि बहुतेक उत्तरांमागे कोणी विचारलेला प्रश्न नसतो. या लेखात आपण तक्त्यावरची काही विधाने एकेक करून तपासू.

पहिले विधान मित्राबद्दलचे. हा मित्र नेमका कोण? प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ज्याची अंतर्रचना अनेक पिढ्यांनी पाठ केली तो फेरेटिमा पोस्थुमा जमिनीत राहून माती खाणारा आहे. टाकीत असतो तो बहुधा आयसेनिया फेटिडा किंवा आफ्रिकेतून आलेला युड्रिलस युजेनी. हे दोघे कुजणाऱ्या पदार्थांच्या थरात राहतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मार्सेल बुशे यांनी १९७० च्या दशकात गांडुळांचे राहणीनुसार तीन गट केले : पृष्ठभागावरच्या कचऱ्यात राहणारी, मातीतच आडवी बिळे करणारी आणि खोल उभी बिळे करून वरचा पाला खाली ओढून नेणारी. शेतजमीन भुसभुशीत करणे, पाणी मुरवणे ही कामे मुख्यतः मागच्या दोन गटांची आहेत. टाकीतली गांडुळे उघड्या, कोरड्या, शेणपाला नसलेल्या रानात सोडली तर ती फार काळ टिकत नाहीत. आपल्याकडे पुण्याच्या भवाळकर गांडूळ संशोधन संस्थेचे डॉ. उदय भवाळकर यांनी खोल बिळे करणाऱ्या गांडुळांवर जो भर दिला, त्यामागे हाच भेद होता. तक्त्यावर मात्र चित्र एका गांडुळाचे असते, गुण दुसऱ्याचे लिहिलेले असतात आणि टाकीत तिसरेच वळवळत असते.

दुसरे विधान आकड्यांचे. ‘गांडूळखतात साध्या मातीपेक्षा ५ पट नत्र, ७ पट स्फुरद आणि ११ पट पालाश असते’ हे वाक्य तक्त्यांवर, माहितीपत्रकांत आणि खताच्या पिशव्यांवरही छापलेले आढळते. या आकड्यांना जन्मस्थान आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लंट आणि जेकबसन यांनी १९४४ मध्ये शेतजमिनीतील गांडुळांच्या विष्ठेची तुलना त्याच जमिनीच्या वरच्या सुमारे १५ सेंटिमीटर थराशी केली होती. त्यांनी मोजले ते नायट्रेटच्या रूपातील नत्र, पिकाला उपलब्ध होणारा स्फुरद आणि विनिमयक्षम पालाश. म्हणजे हा आकडा एका ठिकाणच्या मातीचा, तिथल्या शेतातल्या गांडुळांचा आणि मूलद्रव्याच्या एका विशिष्ट रूपाचा आहे. तो आपल्या टाकीतल्या शेणखताला लावण्यास काहीच आधार नाही.

येथे वर्गात एक सुंदर हिशोब करता येतो. कोणताही प्राणी स्फुरद किंवा पालाश निर्माण करू शकत नाही. टाकीत जेवढे घातले त्याहून जास्त बाहेर येणार नाही. मग गांडूळखतात ही द्रव्ये टक्केवारीने जास्त का भरतात? समजा, १० किलो कोरड्या कचऱ्यात १०० ग्रॅम पालाश आहे, म्हणजे १ टक्का. कुजताना कचऱ्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि कोरडे वजन ५ किलोंवर येते. पाणी झिरपून काही वाहून गेले नाही असे धरले, तर तेच १०० ग्रॅम आता २ टक्के होतात. टक्केवारी दुप्पट झाली, पालाश तेवढाच राहिला. गांडुळांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. ती पदार्थ दळून बारीक करतात, सूक्ष्मजीवांचे काम वेगाने होऊ देतात आणि अन्नद्रव्ये मुळांना घेता येतील अशा रूपात येण्यास मदत करतात. पण ही गोष्ट ‘११ पट’ या घोषणेपेक्षा वेगळी आहे आणि शिकवण्यास अधिक मोलाची आहे.

तिसरे विधान किडींचे, आणि सर्वांत कच्चे हेच असते. ‘व्हर्मीवॉश फवारल्याने मावा नाहीसा झाला’ असे मुले सांगतात. ती खोटे बोलत नसतात. मावा खरोखरच कमी झालेला असतो. पण फवाऱ्यातल्या नुसत्या पाण्याच्या माऱ्यानेही मावा गळून पडतो. साध्या पाण्याने फवारलेली कुंडी शेजारी नसेल तर श्रेय पाण्याचे की गांडुळांचे, हे कळायला मार्ग नाही.

घरातील किंवा व्हरांड्यातील बागेला किडींच्या बाबतीत एक खास अडचण असते, तिचाही उल्लेख तक्त्यावर क्वचितच असतो. शेतात माव्याला खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या येतात, पावसाने कीड धुतली जाते. छपराखाली हे दोन्ही नसते. त्यामुळे मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांना मोकळे रान मिळते आणि कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी वाढतो. नैसर्गिक शत्रूंचे बळ किती असते याचे उदाहरण जवळचेच आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात प्रथम नोंदला गेला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याने बागा उद्ध्वस्त केल्या. २०१० मध्ये प्युएर्टो रिकोहून परोपजीवी कीटक आणून सोडले, त्यानंतर तो आटोक्यात आला. बंद व्हरांड्यात अशी मदत आपोआप येत नाही.

शिवाय गांडूळखत स्वतःबरोबर एक पाहुणा आणू शकते. सतत ओल्या, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या कुंडीभोवती बारीक काळी चिलटे घोंघावू लागतात. त्यांच्या अळ्या बुरशी आणि कोवळी मुळे खातात. उपाय सोपा आहे. पाणी कमी करून वरचा थर वाळू द्यावा आणि पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून तो कुंडीत उभा करावा. पण ‘सेंद्रिय म्हणजे कीडमुक्त’ असे तक्त्यावर लिहिलेले असले की चिलटे दिसूनही त्यांची नोंद होत नाही. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हेही तसेच. तंबाखूचा काढा नैसर्गिकच आहे, पण त्यातले निकोटिन तीव्र विष आहे आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते. मुलांच्या हाती तो देऊ नये.

मग गांडूळखताचा किडींवर परिणाम होतच नाही का? होत असावा असे मानायला आधार आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात आरांकॉन, एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कुंडीतल्या माध्यमाचा काही भाग काढून तेथे गांडूळखत घातले, तेव्हा टोमॅटो, मिरची व कोबीवरील मावा, पिठ्या ढेकूण आणि अळ्यांचा उपद्रव कमी झाला. त्या निष्कर्षाला वजन येते ते तुलनेमुळे. गांडूळखत नसलेल्या कुंड्याही तेथे होत्या आणि पोषणद्रव्ये सर्वच कुंड्यांना दिली होती. प्रदर्शनातल्या चार कुंड्यांत नेमकी हीच गोष्ट नसते.

कुंडीतल्या गांडुळावर विज्ञान कसे करावे याचा धडा चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली देऊन ठेवला आहे. गांडुळांवरचे त्यांचे पुस्तक त्या वर्षी ऑक्टोबरात निघाले. त्याच्या ४४ वर्षे आधी, १८३७ मध्ये, त्यांनी याच विषयावर लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत निबंध वाचला होता. त्यांनी खोलीत मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळली होती. शिट्टी, बासून आणि पियानोच्या आवाजाकडे गांडुळांनी लक्ष दिले नाही. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा ती झटकन बिळात गेली. म्हणजे हवेतला आवाज त्यांना कळत नाही, कुंडीला बसलेली थरथर कळते. पुढे त्यांनी कागदाचे ३०३ त्रिकोण कापून ठेवले आणि गांडुळे ते कोणत्या टोकाने ओढतात हे मोजले. ६२ टक्के त्रिकोण निमुळत्या टोकाकडून ओढलेले आढळले. निमुळते टोक आत जायला खरोखर सोपे असते का, हेही त्यांनी स्वतः चिमट्याने त्रिकोण अरुंद नळीत ओढून पडताळले. यात कागद, कात्री, कुंडी आणि वही यांपलीकडे काय लागले? हे सर्व आपल्या कोणत्याही शाळेत आहे.

चौथा मुद्दा तक्त्यावर नसतोच, तो म्हणजे गावाचा. पारनेर तालुक्यातील सुपा घ्या. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो आणि पाणी मोजून वापरावे लागते. आयसेनिया फेटिडाला साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. टाकी ३५ अंशांच्या वर तापली की ती मरू लागते. युड्रिलस जरा जास्त उष्णता सोसतो, आपल्या आशियातला पेरिओनिक्स एक्स्कव्हेटसही तसाच. कोकणातल्या शाळेसाठी काढलेला तक्ता सुप्यात जसाच्या तसा चालणार नाही. येथे पहिला प्रश्न असा हवा : मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, ओले पोते आणि सावली यांवर टाकी किती अंशांना राहते आणि त्यासाठी रोज किती पाणी लागते? एक तापमापक आणि एक मोजपात्र एवढ्यावर हा प्रकल्प होतो. प्रदर्शन आटोपल्यावर टाकी विसरली जाते आणि उन्हाळ्यात जिवंत प्राणी वाळून मरतात, हा प्रकारही त्यामुळे थांबेल.

किडींसाठी आम्ही सुचवू तो प्रयोग असा. एकाच दिवशी लावलेल्या, एकाच मातीच्या मिरचीच्या बारा कुंड्या घ्याव्यात. चारांवर साधे पाणी, चारांवर व्हर्मीवॉश आणि चारांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. म्हणजे ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवावी आणि गाळून १ लिटर करावे. फवाऱ्याचे प्रमाण सर्वांना सारखे असावे. कुंड्यांना क्रमांक द्यावेत, कोणत्या क्रमांकाला काय फवारले ते एका विद्यार्थ्याने लिहून बंद पाकिटात ठेवावे आणि मोजणी दुसऱ्याने करावी. दर चौथ्या दिवशी प्रत्येक रोपाच्या ठरावीक तीन पानांवरचा मावा मोजावा, कुंड्यांच्या जागा आलटून पालटून बदलाव्यात. महिन्याने पाकीट उघडावे. व्हर्मीवॉश आणि पाणी सारखेच ठरले तर तेही तक्त्यावर लिहावे आणि परीक्षकांनी त्याला गुण द्यावेत. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना जी सवय लावू पाहिली ती हीच : स्वतः करून पाहा, मोजा आणि इतरांना सांगा.

हा आग्रह केवळ प्रदर्शनाच्या शिस्तीसाठी नाही. सुप्यासारख्या गावातल्या मुलाच्या घरी थोडीफार जमीन असते. त्याचे वडील ‘५ पट, ७ पट, ११ पट’ असे छापलेली पिशवी किंवा किलोवर विकले जाणारे गांडुळांचे बियाणे विकत घेतील की नाही, हा घरातल्या पैशांचा प्रश्न आहे. ज्या मुलाने शाळेत हेच वाक्य रंगवून पारितोषिक मिळवले, तो ती पिशवी घ्यायला सांगेल. ज्याने बारा कुंड्या मोजल्या, तो विचारील : कोणते गांडूळ, कशाच्या तुलनेत, आणि आमच्या उन्हात जगेल का? पुढच्या प्रदर्शनाची तयारी सुरू होईल तेव्हा शिक्षकांनी तक्त्याचा कागद शेवटी आणावा. आधी वही आणावी.