पडद्यावरची भरती आणि जयगडची खाडी

वर्गात वापरता येतील अशी फुकट साधने आज इंटरनेटवर इतकी झाली आहेत की, शिक्षकाला उणीव साधनांची नसून निवड करण्याच्या कसोटीची भासते. या साधनांची शिफारस करताना 'इंटरॲक्टिव्ह' हा शब्द हटकून येतो. विद्यार्थ्याने काही केले की साधन प्रतिसाद देते, एवढाच त्याचा अर्थ धरला जातो. पण बटण दाबल्यावर पंखाही फिरतो. माझ्या मते दोन प्रश्न विचारायला हवेत. विद्यार्थ्याचा अंदाज चुकला तर ते त्याला साधनाकडून कळते का? आणि साधनच चुकत असेल तर ते विद्यार्थ्याला कळण्याची काही वाट आहे का? पहिला प्रश्न पुष्कळ जण विचारतात. दुसरा फारसा कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड घरोघरी माहीत झाला. 2017 पासून 'दीक्षा' हा सरकारी मंच आहे. या सोयींचे मोल आहेच. मात्र कोड टिपल्यावर बहुतेक वेळा चित्रफीतच समोर येते, आणि चित्रफीत म्हणजे चांगल्या शिक्षकाचे व्याख्यान, थांबवून पुन्हा ऐकता येणारे. 'कहूट'सारख्या प्रश्नमंजूषांत वर्ग खरोखर जागा होतो. पण तेथे गुण लवकर उत्तर देण्याला मिळतात. सावकाश विचार करणारी मुलगी तेथे मागे पडते, आणि विज्ञानाला तर तिचीच जास्त गरज आहे.

खरी चर्चा सिम्युलेशनची करायला हवी. कोलोराडो विद्यापीठातील 'फेट' हा प्रकल्प 2002 साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकीचे नोबेल मिळाले होते. फेटची बरीच सिम्युलेशने मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. त्यांतले विद्युत परिपथाचे सिम्युलेशन मला फार आवडते. 'खरी तार हातात घेतल्याशिवाय काही खरे नाही' असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या कोलोराडोतल्याच अभ्यासात, या सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांना संकल्पनांचे प्रश्न तर अधिक चांगले सुटलेच, पण खऱ्या तारा आणि दिवे देऊन परिपथ जोडायला व समजावायला सांगितला तेव्हाही ते सरस ठरले. खऱ्या प्रयोगात सैल जोडणी आणि गंजलेला सेल यांत अर्धा तास जातो, हे आपण सारे जाणतोच.

तरीही याच सिम्युलेशनमध्ये समांतर जोडणीत दहा दिवे लावा, एकही मंदावत नाही. कारण त्यातली बॅटरी मुळात आदर्श धरलेली आहे. तिचा अंतर्गत रोध आणि तारेची रोधकता बदलण्याची सोय आहे, पण ती शोधून वापरावी लागते. आपल्या घरी मात्र पाण्याचा पंप सुरू झाला की दिवा क्षणभर मंद होतो. ज्या मुलाने हे पाहिले आहे त्याने वर्गात हात वर केला, तर त्याला काय उत्तर मिळते यावर त्या तासाची परीक्षा व्हावी. येथे निदान मुलाच्या घरातच साधनाला उलटा प्रश्न विचारणारी वस्तू आहे. सगळ्याच विषयांत तशी नसते. भरती-ओहोटीचे उदाहरण मला त्यासाठीच महत्त्वाचे वाटते.

हे उदाहरण जयगडला तपासण्यासारखे आहे. शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते तेथे किल्ल्याखाली हे गाव आहे. पलीकडच्या तवसाळला फेरीबोट जाते, आणि उतारावर पाणी कुठवर चढले आहे हे तिच्यात चढणारे प्रत्येक मूल पाहते. उधाण आणि भांग हे शब्द येथल्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. आता या मुलांना इंटरनेटवरचे भरतीचे चित्र दाखवा. नेब्रास्का विद्यापीठाचे एक सिम्युलेशन या प्रकारात नावाजलेले आहे. त्यात चंद्र ओढून फिरवता येतो आणि सूर्याचा परिणाम जमेस धरायचा की नाही हे ठरवता येते. अशा चित्रांत पृथ्वी सगळीकडून पाण्याने वेढलेली असते, पाण्याला चंद्राकडे एक आणि विरुद्ध बाजूला एक असे दोन फुगवटे आलेले असतात, आणि पृथ्वी त्यांखालून फिरते. उधाण अमावास्या-पौर्णिमेला का आणि भांग अष्टमीच्या सुमारास का, हे त्यातून चटकन कळते. तेवढ्यासाठी हे चित्र उत्तम आहे.

परंतु मूल त्यातून आणखीही काही शिकते, आणि ते खरे नाही. चंद्र डोक्यावर आला की भरती, असे ते शिकते. जयगडला हे पडताळून पाहिले तर गंमत होते: ते जवळजवळ जुळते! पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री माथ्याच्या रेषेवर येतो आणि त्या दिवशीची भरतीही दुपारी व रात्री बाराच्या अलीकडे-पलीकडेच येते. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही समाधानाने पुढच्या धड्याकडे वळतील. आता भावनगर पाहा. जयगड आणि भावनगर यांच्या रेखांशांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे, म्हणजे चंद्र तेथे चार मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. चित्राप्रमाणे भरतीही चार मिनिटे उशिरा यायला हवी. प्रत्यक्षात ती काही तास उशिरा येते. भरतीची उंचीही जुळत नाही. फुगवट्याच्या हिशेबाने चंद्रामुळे सुमारे 54 सेंटिमीटर आणि सूर्यामुळे सुमारे 25 सेंटिमीटर एवढाच चढ-उतार निघतो. जयगडच्या बाजूला उधाणात तो दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईला साडेतीन मीटरच्या वर, आणि भावनगरला आठ मीटरहूनही जास्त.

कारण अकरावीच्या मुलालाही सांगता येईल. फुगवट्याला चंद्राखाली राहायचे तर जयगडच्या अक्षांशावर त्याला सेकंदाला सुमारे 430 मीटर वेगाने धावावे लागेल. पण चार किलोमीटर खोल समुद्रात एवढ्या लांब लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे 200 मीटर असतो. पाणी चंद्राला गाठूच शकत नाही. भरती ही समुद्राच्या खोऱ्यात फिरणारी लाट आहे, आणि किनाऱ्याचा आकार तिची वेळ व उंची ठरवतो. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते म्हणून तेथे पाणी एवढे चढते. लाप्लासने हा विचार अठराव्या शतकातच मांडला होता. चित्रातली पृथ्वी त्याच्याही आधीची आहे, आणि सिम्युलेशनमध्ये कितीही बटणे असली तरी किनारा दाखवणारे बटण नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

मग पर्याय कोणता? एक पर्याय कोकणात इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी याला साधे पण सच्चे गणिती प्रतिमान म्हणेन, कारण ते चुकू शकते आणि कुठे चुकते हे शोधता येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकायला हवी, तेव्हा गुणक पाऊण नसून चार पंचमांश हवा, म्हणजे तिथीमागे 45 ऐवजी 48 मिनिटे. पण चार पंचमांशाने तोंडी हिशेब होडीत बसून कोण करणार? शिवाय रोजचा उशीरही सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो कमी आणि भांगात जास्त असतो. पाऊण आणि चार पंचमांश यांपैकी जयगडला कोणत्या तिथीला कोणता गुणक अधिक जुळतो, हा सातवीच्या वर्गासाठी पुरा महिनाभराचा प्रश्न आहे.

येथे फुकट साधने खरोखर कामाला येतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था किनाऱ्यावरच्या अनेक ठिकाणांच्या भरतीचे अंदाज विनामूल्य देते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टके छापतो. जेटीच्या एका खांबावर रंगाने दर दहा सेंटिमीटरला खूण करावी, आणि एखाद्या रविवारी मुलांनी पाळीपाळीने दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी लिहावी. शिक्षकाने सोबत असावे, शेवाळलेल्या पायऱ्यांवर कोणी उतरू नये. हे आकडे 'जिओजेब्रा'त घालावेत. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 साली सुरू केलेले हे गणिताचे साधन शाळांसाठी फुकट आहे. त्यात एक ज्या-वक्र काढून त्याची उंची आणि आवर्तनकाळ सरकपट्टीने बदलता येतो. वक्र बिंदूंवर बसेपर्यंत मूल पट्टी सरकवत राहते आणि बारा तासांऐवजी बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास येऊन थांबते. मग लक्षात येते की दिवसाच्या दोन भरत्या बहुधा सारख्या उंचीच्या नसतात, तेव्हा एका वक्राने भागत नाही, दुसरा मिळवावा लागतो. बंदरांची कोष्टके याच रीतीने, पण कितीतरी जास्त वक्र मिळवून तयार होतात. जिओजेब्राला भरतीबद्दल काहीच ठाऊक नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. उत्तर त्याच्याकडे नसल्यामुळे मुलाला खांबाकडेच पाहावे लागते.

नेब्रास्काचे चित्र टाकून द्या असे मी म्हणत नाही, फक्त ते आधी दाखवू नका. पहिल्या आठवड्यात पाऊणपटीचा नियम, दुसऱ्यात खांबाच्या नोंदी आणि वक्र, मग ते चित्र. चित्र दाखवताना मुलांकडून भावनगरच्या भरतीची वेळ आधी वहीत लिहून घ्यावी. भावनगरचे कोष्टक त्यानंतरच उघडावे.