सुरमईचा लाल ठिपका: एक अहवाल वाचताना

सोलापुरातून समुद्र लांब, पण सुरमई फ्राय इथेही मिळतो. हा मासा कुणाच्या हिशोबात मोडतो हे शोधायला गेलात, तर हिंद महासागर ट्यूना आयोगाचे अहवाल हाती लागतात. 1996 पासूनच्या या आयोगाकडे 16 जाती आहेत. नाव ट्यूनाचं, पण सुरमईही त्यांत येते, कारण ती कुठल्याच एका देशाच्या हद्दीत थांबत नाही.

2020 च्या मूल्यांकनात आलेखावर सुरमई लाल चौकटीत होती. म्हणजे साठा घटलेला आणि मासेमारीही प्रमाणाबाहेर. हा ठिपका उचलून थेट आपल्या प्रस्तावात टाकू नका. तो आला कसा, ते आधी बघा.

हे गणित मुख्यतः पकडीच्या आकड्यांवर चालतं. दरवर्षी किती टन मासे निघाले ते घ्यायचं, वाढीचा दर आणि साठ्याची स्थिती यांबद्दल काही गृहीत धरायचं आणि समुद्रात किती उरलं याचा अंदाज काढायचा. आता समजा, एका वर्षी पकड घटली. मासे कमी झाले, की डिझेल महागल्यामुळे बोटीच कमी गेल्या? नुसत्या पकडीवरून हे कळत नाही. त्यासाठी किती बोटी, किती जाळी, किती तास, ही नोंद लागते. आणि छोट्या बोटींची नेमकी तीच नोंद विरळ असते.

दुसरं गृहीतक मला जास्त खटकतं. अख्ख्या हिंद महासागरातली सुरमई एकच साठा मानली आहे. उजनीच्या बंदिस्त पाण्यात हे चाललं असतं. इथे मानायचंच, तर नियमही जुळायला नकोत का? आपल्या पश्चिम किनाऱ्याची पावसाळी बंदी गेली काही वर्षं 31 जुलैला संपते. ओमानची सुरमईबंदी 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर. म्हणजे तिकडे जाळी वर, तेव्हा आपला हंगाम जोरात! आणि साठे वेगळे असतील, तर एकाच ठिपक्याने सगळ्या किनाऱ्यांना दोषी धरणं चूक.

अहवालाने यातलं काही लपवलेलं नाही, हे मात्र खरं. शिवाय ठिपका कच्चा आहे म्हणून तो हिरवा ठरत नाही. 1995 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठा कराराच्या कलम 6 नुसार पुरेशी माहिती नाही, ही उपाय लांबवण्याची सबब होऊ शकत नाही. भारत 2003 पासून त्या करारात आहे.

जनुकशास्त्राकडे वळणार असाल तर इथे काम आहे: रत्नागिरीची आणि मस्कतची सुरमई एकाच साठ्यातली आहे का?