लयपरिवर्तन आणि ध्वनीची शुद्धता : एका विधानाची चिकित्सा

ध्वनिमुद्रित संगीताच्या अभ्यासात एक विधान आता जवळजवळ सिद्धांतासारखे स्वीकारले जाऊ लागले आहे. ते असे की, ध्वनीच्या गुणवत्तेस बाध न आणता मुद्रित गायनाची लय हवी तशी कमीअधिक करता येते. यंत्रविद्येच्या दृष्टीने हे विधान बहुतांशी खरे आहे. परंतु लय उतरविलेली ध्वनिमुद्रिका हा त्या गायकाच्या विलंबित गायकीचा पुरावा होय, असा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो मात्र तपासून पाहणे अवश्य आहे.

तबकडीच्या काळात सामान्य श्रोत्यापुढे हा प्रश्न उभा राहत नसे. तबकडी सावकाश फिरविली की लय उतरते आणि तिच्याबरोबर स्वरही उतरतो; कारण सुईखालून दर सेकंदास जाणाऱ्या लहरींची संख्याच कमी होते. वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर काळी चारमध्ये गायलेले गाणे जवळजवळ काळी तीनमध्ये ऐकू येते. शिवाय स्वराबरोबर मुखविवराचे अनुनादही खाली सरकत असल्याने कंठ जड व घोगरा वाटू लागतो. लय आणि स्वर यांची ही गाठ सोडविणे, हेच पुढील संशोधनाचे उद्दिष्ट ठरले.

त्या संशोधनाचा तात्त्विक पाया डेनिस गाबोर यांनी १९४६ साली घातला. ध्वनीचे सूक्ष्म कालखंडांत विभाजन करून त्यांची नव्याने मांडणी करता येते, हे त्यांनी दाखविले. १९५४ मध्ये फेअरबँक्स, एव्हरिट व येगर यांनी फिरत्या शीर्षाच्या ध्वनिफीत-यंत्राने तोच हेतू साधला. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन व गोल्डन यांनी ‘फेज व्होकोडर’ ही पद्धती मांडली. आजच्या संगणकीय साधनांतही मुख्यतः हेच दोन मार्ग आढळतात. एका मार्गात ध्वनीचे सेकंदाच्या अल्पांशाएवढे तुकडे करून ते एकमेकांवर अंशतः चढवून जोडतात. दुसऱ्यात प्रत्येक कंपनसंख्येचा जोर व तिची कला मोजून नव्या कालमानावर ध्वनी पुन्हा रचतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या आरंभीच्या प्रयत्नांचा विषय प्रामुख्याने मानवी भाषण हा होता. भाषणात गुणवत्तेची कसोटी सुबोधता ही असते. बोललेले कळले की कार्य साधले. संगीतात ही कसोटी अपुरी पडते. तबल्याच्या आघाताचा आरंभ काही सहस्रांश सेकंदांतच आटोपतो. तुकडा त्याहून लांब असला की तोच आघात दोनदा उमटतो किंवा त्याची धार पसरट होते. तानपुऱ्याच्या अनेकविध उपस्वरांतील परस्परसंबंध ढळला की जवारी पोकळ होते, आणि तानपुरा दूरच्या दालनात वाजत असल्याचा भास होतो. लारोश व डॉल्सन यांनी १९९९ मध्ये कलासंगती राखण्याचे सुधारित उपाय सुचविले. पुढे आघातमय आणि स्वरमय अंश वेगळे काढून प्रत्येकावर निराळी प्रक्रिया करण्याची पद्धतीही रूढ झाली. त्यामुळे लयीत थोडाच फरक करावयाचा असेल तर हे दोष आता सहसा जाणवत नाहीत.

तथापि हे दोष संपूर्ण नाहीसे झाले असे मानले, तरी मूळ आक्षेप उरतोच. गायनातील काल हा केवळ मात्रांचा काल नव्हे. मींड, गमक, आंदोलन आणि श्वास यांना प्रत्येकी स्वतःचा काल असतो. यंत्र मात्र हे सर्व काल एकाच प्रमाणात ताणते. सेकंदाला सहा हेलकावे घेणारी गमक निम्म्या लयीत तीन हेलकाव्यांची होते. सहा सेकंद टिकलेला दम बारा सेकंदांचा भासतो. प्रत्यक्षात गायक लय उतरवितो तेव्हा गमक त्याच प्रमाणात मंद करीलच असे नाही, आणि श्वासही तो दुप्पट करीलच असे नाही. अशी प्रत गिरविणारा विद्यार्थी कोणाही गायकाने कधी न गायलेली गोष्ट गिरवीत असतो.

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या तबकड्यांवरून हे अधिक स्पष्ट होईल. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. म्हणून बैठकीतील विस्तार गायकाला आवरता घ्यावा लागे. अशा तबकडीची लय निम्मी केली, तर तीन मिनिटांची सहा मिनिटे होतात. पण त्या सहा मिनिटांत एकही नवी स्वरसंगती नसते. बैठकीत लांबलेल्या आवर्तनात गायकाने जी बढत केली असती, ती मुद्रणाच्या वेळी गायिलीच गेली नव्हती. ती परत मिळविणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातील नव्हे.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा संभवतो. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वच तबकड्या त्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. ८० फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविली, तर लय मंदावते आणि स्वर अर्धस्वराच्या निम्म्याहून किंचित कमी इतका उतरतो. येथे लय व स्वर दोन्ही एकत्र बिघडलेले असल्याने दोन्ही एकत्रच सुधारले पाहिजेत. केवळ लय सुधारून स्वर तसाच ठेवला, तर पट्टीविषयीची चूक कायम राहते. इतकेच नव्हे तर ती सुधारणेच्या आड लपते. वेगदुरुस्ती आणि लयपरिवर्तन या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली मूळ गायनाकडे नेते, दुसरी त्यापासून दूर नेते.

याचा अर्थ लयपरिवर्तन त्याज्य आहे असा नाही. द्रुत तानेतील स्वर ओळखणे, स्वरलेखन तपासणे, कणस्वराचे स्थान निश्चित करणे, यांसाठी ते भिंगासारखे उपयोगी पडते. पण भिंगातून पाहिलेल्या अक्षरावरून हस्ताक्षराचा आकार ठरवावयाचा नसतो. संग्रहालयांनी मूळ प्रत अबाधित ठेवावी. लय बदललेल्या प्रत्येक प्रतीवर बदलाचे प्रमाण व पद्धती नोंदवावी. आणि अशा प्रतीवरून गायकीविषयी कोणतेही विधान मूळ प्रत ऐकल्यावाचून करू नये. ध्वनीची गुणवत्ता राखली गेली म्हणजे गायनाचे सत्यही राखले गेले, असे होत नाही.