रॉय ऑर्बिसन : शोकाला सजावट नको

दिवंगत गायकाच्या आवाजाशी जिवंतांनी कसे वागावे? अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसन (१९३६–१९८८) यांच्या पुनःप्रकाशित ध्वनिमुद्रिका ऐकताना हा प्रश्न आम्हांस तीव्रतेने जाणवला.

‘ओ, प्रिटी वुमन’ या १९६४ च्या गीतामुळे अनेक वाचक त्यांना ओळखतात. १९९० साली एका गाजलेल्या चित्रपटाने त्या गीताचे शीर्षकच घेतले. परंतु त्या ठेक्यावरून ऑर्बिसन यांची खरी ओळख पटत नाही. ती पटते मॉन्युमेंट कंपनीने साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात नॅशव्हिल येथे मुद्रित केलेल्या त्यांच्या विरहगीतांतून. ‘रनिंग स्केअर्ड’ (१९६१) हे गीत बोलेरोच्या ठेक्यावर अगदी दबक्या सुरात सुरू होते. धृपद परतून येत नाही; स्वर पायरीपायरीने चढत जातो आणि शिखर गाठताच गीत थांबते. जेमतेम सव्वादोन मिनिटांत एका भयभीत अंतःकरणाचा प्रवास पुरा होतो. रॉक संगीतात पुरुषाने ऐट मिरवावी असा प्रघात असताना ‘क्राइंग’मध्ये याच माणसाने पुरुषाचे अश्रू निःसंकोचपणे गायिले.

पुढे ते अश्रू त्यांच्या घरातच आले. १९६६ साली त्यांची पत्नी मोटारसायकलच्या अपघातात मरण पावली. १९६८ साली ते इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना घराला आग लागून दोन मुले दगावली. १९६९ साली त्यांनी ‘वन ऑफ द लोन्ली वन्स’ हा संग्रह मुद्रित केला. तो मात्र प्रसिद्ध झाला २०१५ साली. त्याच्या आरंभी त्यांनी ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ हे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या संगीतिकेतील धीराचे गीत ठेवले आहे. दोन लेकरे गमावलेला पिता ते गातो, तेव्हा सांत्वनाचे शब्द उच्चारण्यास किती बळ लागते याचा प्रत्यय येतो. जवळजवळ अर्धे शतक दडलेला हा आवाज बाहेर आणणे, ही पुनःप्रकाशनाची खरी सेवा होय.

याउलट २०१७ च्या ‘अ लव्ह सो ब्यूटिफुल’ या संग्रहात ऑर्बिसन यांचा जुना आवाज घेऊन त्याला रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची नवी साथ जोडण्यात आली. मूळ मुद्रणांतही तंतुवाद्ये होती, हे खरे. पण तेव्हा वादक गायकाचा श्वास ओळखून वाजवीत होते. येथे आवाज पूर्वीच मुद्रित झालेला आहे. त्यास नव्या साथीला उत्तर देता येत नाही. वादकांचे कौशल्य वा वारसांचे प्रेम आम्ही नाकारीत नाही, आणि या संग्रहामुळे नवे श्रोते लाभले असतील हेही मान्य करतो. तथापि जेथे एकाकीपणा ऐकू यावयाचा, तेथे आता भव्यता ऐकू येते.

स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. ख्रिस्तसभा शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ते आजही म्हणते. त्याचे शब्द गोड करून घेण्याचा मोह तिने टाळला आहे. दुःखिताला आधी त्याच्याच शब्दांत बोलू द्यावे, हा तिचा धडा आहे. मयताच्या घरी सांत्वनास जाणाऱ्या आपणां सर्वांनाही तो उपयोगी पडावा.

घरी ऑर्बिसन ऐकू इच्छिणाऱ्यांना एक सूचना. गीताचे नाव तेच असले तरी मुद्रण तेच असेल असे नाही. १९८७ च्या ‘इन ड्रीम्स’ या संग्रहात त्यांनी स्वतःच आपली जुनी गीते पुन्हा गायिली आहेत. तो त्यांचा हक्क होता आणि त्या गायनात प्रौढ वयाची जाण आहे; परंतु पहिल्या गायनातील थरथर तेथे नाही. म्हणून वेष्टनावरील वर्ष पाहावे आणि प्रथम मॉन्युमेंटची मूळ मुद्रणे ऐकावी. त्यानंतर २०१५ चा संग्रह लावावा, आणि तो लावल्यावर घरातील बोलणे थोडा वेळ थांबवावे.