रविवारी लिहिणं पाप होतं तेव्हा

एका गावात एकाच पंथाची इतकी प्रार्थनाघरं कशाला लागतात? इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातल्या बर्स्लेम, टन्स्टॉल, हॅन्ली या कुंभारकामाच्या गावांचा इतिहास वाचायला घेतला की हा प्रश्न पडतोच. इथे एक वेस्लियन मेथडिस्टांचं चॅपेल, तिथे प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचं, आणखी पलीकडे न्यू कनेक्शनवाल्यांचं. देव एक, बायबल एक, जॉन वेस्ली हा मूळपुरुषही एकच. मग विटा, चुना आणि वर्गणी एवढ्या वेळा का गोळा केली?

या चॅपेलांवर लिहिलेलं बरंच काही इंटरनेटवर मिळतं. गेले काही महिने मी ते मोबाइलवर वाचतोय. त्यातल्या बहुतेक लेखनाचा साचा ठरलेला असतो: अमुक साली पाया घातला, तमुक साली दर्शनी भाग नवा केला, इतकी माणसं बसायची, इतके खांब, अमुक साली बंद, तमुक साली जमीनदोस्त. माहिती चोख असते. पण शेवटी आपल्या हातात उरते ती एक टेबल. रांगा आहेत, रकाने आहेत, फक्त ‘का’ हा रकाना रिकामा आहे. माझं म्हणणं असं की या गावांचा खरा इतिहास त्याच रकान्यात आहे. तो भरायला इमारतींच्या यादीपेक्षा अर्नल्ड बेनेट या कादंबरीकाराची जास्त मदत होते, पण त्याचीही सगळी कामं आपण डोळे मिटून मान्य करायची नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारमान्य चर्च. त्याच्या बाहेरच्यांचं प्रार्थनाघर म्हणजे चॅपेल. वेस्ली बर्स्लेमला पहिल्यांदा आला १७६० साली. टेकडीवरचं विखुरलेलं गाव आणि जवळपास सगळी वस्ती कुंभारांची. मातीत हात घालणाऱ्या या लोकांना तो उघड्यावर उभा राहून उपदेश करत होता. पंथ वाढला तसा त्याला कारभार आला, वार्षिक परिषद आली, नियम आले. आणि नियम आले की भांडणंही आली.

पहिली मोठी फूट सत्तेवरून पडली. अलेक्झांडर किलहॅम म्हणत होता की परिषदेत फक्त धर्मोपदेशकच का बसतात, सामान्य सभासदांनाही बरोबरीची जागा हवी. १७९६ मध्ये त्याला काढून टाकलं आणि पुढच्याच वर्षी मेथडिस्ट न्यू कनेक्शन उभं राहिलं. हॅन्लीत जॉब रिजवेसारखे कुंभारकामातले कारखानदार त्यात होते. त्यांचं बेथेस्डा चॅपेल आज जे दिसतं, ते मुळात १८१९ चं, दर्शनी भाग नंतरचा. दोन हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं ते भव्य आहे. यादीत त्याच्या भव्यतेचं कौतुक असतं. पण ही भव्यता परिषदेत जागा न मिळालेल्या लोकांची आहे, हे खांब मोजताना विसरायला होतं. ती सगळ्याच वंचितांची नव्हती, हेही विसरू नये. चॅपेलात बरोबरी मागणारा माणूस सोमवारी सकाळी कारखान्यात मालक असू शकत होता.

दुसरी फूट वरच्यांनी खालच्यांच्या उत्साहाला घाबरण्यातून पडली. ३१ मे १८०७ रोजी जवळच्या मो कॉप या टेकडीवर दिवसभराचा उघड्यावरचा प्रार्थनामेळा भरला. पुढे होता ह्यू बोर्न हा सुतार. त्याला लवकरच बर्स्लेमचाच विल्यम क्लाउज हा कुंभार येऊन मिळाला. आपल्याकडे एखाद्या कीर्तनाला गर्दी उसळावी आणि देवस्थानच्या कमिटीच्या कपाळावर आठ्या पडाव्यात, तसंच झालं. वेस्लियन परिषदेने असे मेळे नको म्हटलं. १८०८ मध्ये बोर्नला काढलं, दोन वर्षांनी क्लाउजवर पाळी आली. त्यांच्या अनुयायांनी १८१२ मध्ये स्वतःला प्रिमिटिव्ह मेथडिस्ट हे नाव घेतलं. वेस्लियनांनी १८०३ पासून स्त्रियांच्या उपदेशावर बंधनं घातली होती, इथे मात्र स्त्रियांना व्यासपीठ मिळालं.

नावाच्याही आधी, १८११ मध्ये, त्यांनी टन्स्टॉलला पहिलं चॅपेल बांधलं. ते असं बांधलं होतं की चळवळ फसलीच तर त्या इमारतीची राहती घरं करता यावीत. आमच्या धंद्यात याला रोलबॅक प्लॅन म्हणतात. मला हे चॅपेल बेथेस्डापेक्षा मोठं वाटतं. बेथेस्डा सांगतं की आम्ही टिकलो. टन्स्टॉलचं ते साधं घर सांगतं की टिकू की नाही माहीत नाही, तरी बांधतोय, आणि बुडालो तर निदान कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर येईल. श्रद्धा आणि व्यवहार यांचा इतका प्रामाणिक नकाशा क्वचितच कुणी काढला असेल. पण खांब मोजणाऱ्या नजरेला या इमारतीत बघण्यासारखं काहीच सापडणार नाही.

तिसरं भांडण खास बर्स्लेमचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. कारखान्यात राबणाऱ्या पोरांना शाळेसाठी एकच दिवस मोकळा होता, रविवार. म्हणून संडे स्कूल. तिथे वाचायला शिकवायला कुणाचीच हरकत नव्हती, कारण वाचलं की बायबल वाचता येतं. अडलं ते लिहिण्यावर. वेस्लियन परिषदेने १८२७ मध्ये रविवारी लिहायला शिकवू नये अशी भूमिका घेतली. लिहिणं हे कामधंद्याचं कौशल्य, आणि विश्रांतीच्या पवित्र दिवशी काम कसं शिकवणार? हे सरळ ढोंग म्हणून उडवून लावता येणार नाही. रविवार पवित्र मानणाऱ्याच्या दृष्टीने त्यात तर्क होता. पण ज्या पोराच्या आयुष्यात दुसरा दिवसच नाही, त्याच्यासाठी या तर्काचा अर्थ एकच होता: तू वाच, लिहू नकोस. दुसऱ्याचं ऐक, स्वतःचं मांडू नकोस.

बर्स्लेमच्या स्वॉन बँक इथल्या वेस्लियन चॅपेलच्या शाळेत हा वाद पेटला. रविवारी लिहिणं शिकवायचं की नाही, आणि मुळात शाळा कुणाच्या ताब्यात, चॅपेलच्या की ती चालवणाऱ्यांच्या. १८३६ मध्ये शाळा फुटली. बाहेर पडलेल्यांनी हिल टॉपला आपली शाळा आणि चॅपेल एकाच इमारतीत बांधलं, आणि पुढे भक्कम खांबांची देवडी उभी केली. संडे स्कूलला असा दरवाजा! याद्यांमध्ये या देवडीच्या शैलीचं वर्णन मिळतं. मला त्यात वाक्याच्या शेवटी ठासून दिलेलं उद्गारचिन्ह दिसतं.

आता बेनेटकडे येऊ. जन्म १८६७, हॅन्लीत, वेस्लियन घरात. मोठेपणी धर्म सुटला, गाव सुटलं, पण कादंबऱ्यांतून ते पुन्हा पुन्हा आलं. बर्स्लेमचं त्याने ‘बर्स्ली’ केलं, हॅन्लीचं ‘हॅनब्रिज’, टन्स्टॉलचं ‘टर्नहिल’. ‘अ‍ॅना ऑफ द फाइव्ह टाउन्स’ (१९०२) सुरूच होते संडे स्कूलच्या आवारात. अ‍ॅना तिथे शिकवते. ती एकवीस वर्षांची होते आणि कळतं की तिच्या नावावर पन्नास हजार पौंडांच्या आसपास संपत्ती आहे. मात्र तिच्या कंजूष बापाची पकड काही सुटत नाही. तिचा एक भाडेकरू टायटस प्राइस हा त्याच संडे स्कूलचा प्रमुख. बाप तिला भाड्याचा तगादा लावायला लावतो, आणि शेवटी प्राइस गळफास घेतो. चॅपेलात पुनरुज्जीवनाची सभा भरते, आजूबाजूच्यांना साक्षात्कार होतात, अ‍ॅनाला काहीच होत नाही, आणि ती स्वतःलाच दोषी धरते.

हा सभेचा प्रसंग जबरदस्त आहे. सगळे रडत असताना आपल्याला रडू का येत नाही, ही शरम ज्याने भोगलीय त्याला तो धर्म न बघता कळेल. बेनेटला चॅपेलची हिशेबवही आतून माहीत आहे. कर्ज, वर्गणी, प्रतिष्ठा आणि कुणाच्या शेजारी बसायचं याचं गणित तो नेमकं मांडतो. पण इथेच माझी तक्रार आहे. त्याच्या या बर्स्लीत चॅपेल म्हणजे फक्त दाब. शाळा आहे, पण तिथे कुणी काही शिकून मोठं झाल्याचं जाणवत नाही. त्या शाळेसाठी गावाने एकदा भांडण केलं होतं, याचा मागमूस नाही. सुटून गेलेल्या मुलाचा राग खरा असतो, पण त्याला घराची एकच खोली आठवते.

आठ वर्षांनी आलेल्या ‘क्लेहँगर’मध्ये (१९१०) तो दुसरी खोली उघडतो. डॅरियस क्लेहँगर हा छापखान्याचा तिरसट मालक. त्याचा मुलगा एडविन त्याला वैतागलेला. पण लेखक वाचकाला एक गोष्ट सांगतो जी मुलाला माहीत नाही. डॅरियस सात वर्षांचा असताना कुंभारकारखान्यात साचे वाहायचा. ओल्या मातीचा साचा उचलायचा, भट्टीच्या उष्ण खोलीत पळत न्यायचा, रिकामा साचा पळत परत आणायचा, दिवसभर. मग कुटुंब वर्कहाउसात गेलं, म्हणजे गरिबांसाठीच्या त्या अर्ध्या तुरुंगात. तिथून त्यांना सोडवलं संडे स्कूलच्या शिक्षकाने, मिस्टर शुशन्सने. हे चित्र हवेतून आलेलं नाही. टन्स्टॉलच्या चार्ल्स शॉने ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ (१९०३) हे आत्मकथन ‘एक जुना कुंभार’ या नावाने छापलं होतं. साचे वाहणं आणि वर्कहाउस या दोन्ही गोष्टी त्याने स्वतः भोगल्या होत्या. बेनेटने त्याचा भरपूर उपयोग केला.

आणि मग येतो संडे स्कूलच्या शतकमहोत्सवाचा प्रसंग. चौकात हजारो मुलं, बँड, झेंडे. त्या गर्दीत म्हातारा शुशन्स आपली जागा शोधतोय, आणि तरुण कार्यकर्ते त्याला ओळखतही नाहीत. ज्याचा उत्सव, त्यालाच धक्के. पुढे तो वर्कहाउसातच मरतो, आणि ते कळल्यावर डॅरियस कोसळतो. रविवारच्या शाळेने वाचवलेलं पोर अक्षरं छापून श्रीमंत होतं आणि वाचवणारा विसरला जातो. चॅपेलांच्या इतिहासावर याहून कठोर टीका मला माहीत नाही. संस्था स्वतःचा वाढदिवस साजरा करतात आणि त्यांना उभं करणाऱ्या माणसांना विसरतात, हे त्यात आहे. ‘अ‍ॅना’तली टीका बाहेर पडलेल्याची आहे, ‘क्लेहँगर’मधली ऋण मान्य केलेल्याची. म्हणून दुसरी जास्त लागते.

१९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथडिस्ट एकत्र आले. युनायटेडमध्ये न्यू कनेक्शन १९०७ लाच सामील झालं होतं. म्हणजे सगळ्या शाखा मर्ज. कोडमध्ये मर्जनंतर जुनी शाखा एका क्लिकने पुसता येते. इथे मात्र प्रत्येक शाखेची इमारत होती, छप्पर गळत होतं आणि माणसं कमी होत होती. वाद मिटल्यावर वादाची घरं ओझं झाली. बेथेस्डा १९८५ मध्ये बंद पडलं. २००३ मध्ये ते बीबीसीच्या ‘रिस्टोरेशन’ मालिकेत वारसा वाचवण्याच्या स्पर्धेत उतरलं. हिल टॉपची इमारत पाडली गेली. राहिली फक्त देवडी, जिच्या मागे आता ती शाळा नाही.

ही देवडी वारसा म्हणून जपली जातेय ते योग्यच आहे. पण तिच्याबद्दल लिहिताना फक्त खांबांची शैली सांगणं म्हणजे पुन्हा एकदा ‘वाच, लिहू नकोस’ म्हणणंच आहे. जुन्या इमारतीपाशी, मग ती बर्स्लेमची असो की आपल्या गावातली, कुणी बांधली याच्या आधी कशावरून भांडण झालं होतं ते विचारावं. हिल टॉपचं उत्तर साधं आहे. आठवड्यातला एकच मोकळा दिवस मिळणाऱ्या पोरांच्या हातात त्या दिवशी लेखणी द्यायची की नाही, यावरून काही माणसांनी आपलं चॅपेल सोडलं. त्यांनी लेखणी दिली.